जपानी तलवारीवरची कोरीव अक्षरं खरी जुनी की मागाहून घातलेली? (दिराने एक बाजू घासून ठेवली आहे)

गणिताच्या_बाई (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी. घरात एक जपानी तलवार आहे. मूठ काढली की आत पात्याचं जे शेपूट असतं त्यावर दोन्ही बाजूंनी अक्षरं कोरलेली आहेत. ती अस्सल जुनी की कोणी मागाहून कोरली, हे कसं ओळखायचं एवढाच प्रश्न. पण आधी थोडी रडकथा ऐकावी लागेल.

तलवार माझ्या आजेसासऱ्यांची. त्यांना अख्खं गाव आण्णा म्हणायचं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. लढाई संपल्यावर १९४६ साली त्यांची पलटण जपानमध्ये बंदोबस्ताला गेली, १९४७ ला परत आले ते एक पत्र्याची ट्रंक, दोन ब्लँकेटं आणि ही तलवार घेऊन. घरातली कथा अशी की एका जपानी जनरलने गुडघे टेकून ती आण्णांच्या हातात दिली. मी लग्न होऊन आले तेव्हा तो कर्नल होता. वीस वर्षांत बढती मिळाली.

दरवर्षी दसऱ्याला ती माळ्यावरून खाली येते, पाटावर ठेवतात, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, की पुन्हा माळ्यावर. यंदा धाकट्या दिरांना वाटलं की तिची नीट सफाई करावी. मुठीतली बांबूची खुंटी ठोकून बाहेर काढली, मूठ ओढली, आणि आतलं काळं पडलेलं शेपूट बघून म्हणाले, केवढा हा गंज! फर्निचरच्या कामातला पॉलिश पेपर आणला आणि बसले घासायला. एक बाजू चकचकीत झाली तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. ‘आण्णास्नी तलवार से ती, तिले हात कसाले लावा?’ म्हणून जो आवाज दिला, तो शेजारच्या गल्लीत गेला. त्यामुळे दुसरी बाजू वाचली.

आता दोन ग्राहकांचं ऐका. पहिले घरी आले, जुन्या वस्तू घेतात. घासलेली बाजू बघून म्हणाले, अक्षरं ताजी दिसतात, कोणीतरी बाजारात विकायला कोरलीत, पंधरा हजार देतो. दुसऱ्यांना चुलत दिरांनी मोबाइलवर फोटो पाठवला. त्यांचं म्हणणं, ही ‘मसामुने’ आहे, कोटीत जाईल, फक्त जपानचं सर्टिफिकेट काढायला पंचवीस हजार आधी पाठवा. पंधरा हजार मिळणार की पंचवीस हजार जाणार, हा प्रश्न मी सातवीच्या मुलांना घालू शकेन, पण उत्तर मला येत नाही.

मोजता आलं ते मोजलं. पाठीच्या बाजूला जिथे खाच आहे तिथपासून टोकापर्यंत सरळ रेषेत ६४.२ सेंटिमीटर. शेपूट १५.५ सेंटिमीटर, म्हणजे आखूडच. त्यात दोन भोकं. टोक वर आणि धार डावीकडे धरली तर समोर दिसते ती घासलेली बाजू, तिच्यावर पाठीलगत उभ्या ओळीत सहा अक्षरं. मागच्या, न घासलेल्या बाजूवर सात. मला जपानी येत नाही, पण त्या सातांतलं तिसरं चक्क अधिकचं चिन्ह आहे, पाचवं घराच्या छपरासारखं, सहावं शिडीसारखं आणि शेवटचं म्हणजे चौकोन, मधोमध आडवी रेघ.

तलवार विकायची नाही, सासूबाई असेपर्यंत तर नाहीच. पण आण्णांच्या नावाने घरात खोटं काही असू नये असं त्यांना वाटतं, आणि मलाही.

भुसावळ_लोकल

बाई, असल्या तलवारी ऑनलाइन चार हजारात मिळतात, वर चिनी ड्रॅगन फुकट. दिरांना मात्र रेल्वेत घ्या, डबे घासायला माणसं कमी आहेत.

चोपडेकर_नाशिक

बाई, तुमच्या दिरांना माझा दंडवत. जगभर या तलवारींच्या नादी लागलेले लोक पहिला नियम हाच सांगतात की शेपटाला हात लावू नका, आणि नेमकं तेच सगळ्यांच्या घरात घडतं. माझ्या चुलत्यांनी एकावर चिंच लावली होती.

त्या शेपटाला जपानीत नाकागो म्हणतात आणि त्यावर कोरलेल्या नावाला मेइ. पात्याला शेकडो वर्षांत पुन्हापुन्हा पॉलिश होतं, शेपटाला कधीच नाही. म्हणून त्याचा गंज हाच त्याच्या वयाचा दाखला. जुना गंज काळसर तपकिरी, सगळीकडे सारखा आणि घट्ट बसलेला असतो. तांबूस, मऊ, बोटाला लागणारा गंज असला तर तो अलीकडचा, किंवा अ‍ॅसिड नाहीतर मीठपाणी वापरून आणलेला. घासलेली बाजू आता तशीच सोडा. पुन्हा काळी करायला जाऊ नका, चहाचं पाणी तर अजिबात नको.

तुम्ही सांगितलेली सात अक्षरं मी बसल्या जागी वाचून दाखवतो. अधिकचं चिन्ह म्हणजे दहा. छप्पर म्हणजे आठ. शिडी म्हणजे महिना. चौकोन म्हणजे दिवस. म्हणजे ‘अमुक दहावे वर्ष, आठव्या महिन्यातला एक दिवस’. पहिली दोन अक्षरं त्या काळाचं नाव सांगतात. ‘आठवा महिना’ वाचून हुरळून जाऊ नका. जुन्या तलवारींवर बहुतेक वेळा दुसरा नाहीतर आठवा महिनाच असतो, तो संकेत आहे, वर्षभर लोहार काय झोपत नव्हते. फोटो टाका. शेपटाचाच टाका, घरचा पत्ता किंवा पाटी त्यात येऊ देऊ नका.

मसामुनेबद्दल एकच सांगतो. त्या लोहाराने नाव कोरलेल्या वस्तू म्हणजे मोजक्या कट्यारी. त्याचं नाव घालून विकायला काढलेल्या तलवारी मात्र उदंड. आणि तुमच्याकडे तर नाव सहा अक्षरांचं आहे, त्याचं दोनच अक्षरांचं होतं. त्या गृहस्थांनी फोटो उघडूनसुद्धा पाहिला नसेल.

गणिताच्या_बाई

फोटो टाकले. उजेड खिडकीतून आडवा येऊ दिला, तेव्हा कुठे अक्षरं उठून दिसली. घासलेल्या बाजूला धातू पांढराफटक आणि अक्षरांच्या आत काळं.

चोपडेकर_नाशिक

वाचलं. समोरची बाजू: ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’. मागची बाजू: ‘एइशो दहावे वर्ष, आठव्या महिन्यातला एक दिवस’. एइशो हा काळ १५०४ ला सुरू झाला, म्हणून दहावं वर्ष म्हणजे १५१३. बिशू म्हणजे बिझेन प्रांत, ओसाफुने हे त्यातलं लोहारांचं गाव. आणि आता बसा खाली. ते गाव आजच्या ओकायामा जिल्ह्यात येतं. १९४६ मध्ये जपानमध्ये गेलेल्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनचं मुख्यालय ओकायामालाच होतं. तुमच्या आण्णांची बटालियन त्याच डिव्हिजनमध्ये.

यावरून काही सिद्ध होत नाही, हेही लगेच सांगतो. पण जनरल आणि गुडघे हे बाजूला ठेवा. तेव्हा बंदोबस्ताच्या हुकुमाने घराघरांतून तलवारी पोलीस ठाण्यांत जमा करायला लावल्या होत्या, ढीगच्या ढीग. आण्णांची त्यातलीच असण्याचा संभव जास्त.

आता सुकेसादाविषयी. हे एका माणसाचं नाव नाही, पिढ्यानपिढ्या डझनावारी लोहारांनी वापरलेलं आहे. तो काळ जपानात सरदारांच्या आपापसातल्या लढायांचा, आणि पायदळाला तलवारी हजारांनी लागायच्या. ओसाफुने म्हणजे त्यांचा कारखानाच. घाऊक मालावर ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ एवढंच कोरत. कोणी पैसेवाल्याने खास करवून घेतली तर ‘बिझेन प्रांतात राहणारा ओसाफुनेचा योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा’ अशी लांबलचक सही, लोहाराच्या स्वतःच्या नावासकट. तुमच्यावर छोटी सही आहे. म्हणजे मोठ्या दुकानातला रोजचा माल. पण हीच गोष्ट तुमच्या बाजूने बोलते. लबाडी करणारा बसलाच कोरायला, तर तो स्वस्तातलं नाव कशाला कोरेल?

तांब्यापितळेवर_नाव

ताई, मी जळगावला भांडेबाजारात नावं टाकतो. वडीलही तेच करायचे. मला जपानी तलवारीतलं काही कळत नाही, पण छिन्नीने धातूवर पडलेलं अक्षर कळतं. लोखंड काय नि पितळ काय, छिन्नी लबाडी करत नाही. तुमचा फोटो काल रात्रीपासून बघतोय, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना बघत होतो म्हणून कारभारीण रागावली.

तुम्हाला आधी एक गोष्ट सांगतो. पाचोऱ्याकडचे दोन भाऊ वाटणीच्या भांडणात एक पितळी हंडा घेऊन माझ्याकडे आले होते. हंड्यावर थोरल्याच्या सासऱ्याचं नाव आणि जुनी तारीख. थोरला म्हणे, माझ्या लग्नात आलाय. धाकटा म्हणे, आईचा आहे, नाव काल टाकलं. मी हंडा उन्हात तिरपा धरला. हंड्याला एक पोचा होता, जुना, आत घासून गुळगुळीत झालेला. नावातला एक काना त्या पोच्यात उतरून पुन्हा वर चढत होता. आता बघा, अक्षर आधीचं असतं तर पोचा पडताना तो काना चेपला असता, त्याचं तोंड मिटलं असतं. इथे काना पोच्याच्या तळालाही तेवढाच खोल. म्हणजे पोचा आधी, नाव नंतर. थोरला काही बोलला नाही. हंडा कोणाकडे गेला ते मी विचारलं नाही.

तुमच्या तलवारीत मी तेच बघतोय, काय आधी आणि काय नंतर.

घासलेल्या बाजूला वरचा धातू पांढरा आणि अक्षरात काळं आहे. तो व्यापारी म्हणाला ताजी अक्षरं. उलट आहे. ताजं कोरलं असतं तर खाचेचा तळ चमकला असता. वरचं काळं दिरांच्या कागदाने गेलं, तळाशी कागद पोचला नाही, म्हणून ते राहिलं. कागद लागला तेव्हा अक्षर तिथे होतं आणि आधीच काळं पडलेलं होतं. त्याला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. पंधरा हजारात घ्यायचं असलं की असंच बोलतात.

दुसरं, छिन्नी मारली की धातू जातो कुठे? थोडा निघतो, बाकीचा दोन्ही काठांवर उठतो. बोट फिरवलं तर टोचतो. नव्या भांड्यावर आम्ही ती कड मुद्दाम घासून देतो, बायकांचे हात कापतात. वर्षानुवर्षं मूठ घालता-काढता, गंज धरता-धरता ती कड आपोआप मरते, गोल होते. घासलेल्या बाजूवर आता हे बघण्यात अर्थ नाही, कागदाने कड गेली. न घासलेल्या बाजूवर बघा. नख आडवं फिरवा, हलक्या हाताने. नख अडकतं का घसरतं ते सांगा.

तिसरं, शेपटावर कानशीच्या तिरप्या रेघा दिसतात. त्या रेघा अक्षराच्या काठापर्यंत येऊन तुटतात का, की अक्षराच्या आतही उतरतात? कारागीर आधी कानस मारतो, मग नाव घालतो. कानशीची रेघ अक्षराच्या काठावरून गेली असेल, तर कानस नंतरची आणि मग काहीतरी गडबड.

चौथं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते दुसरं भोक. फोटोत मला असं दिसतं की न घासलेल्या बाजूला अधिकच्या चिन्हाचा उजवा हात त्या भोकाने खाल्लाय. खरं आहे का? असेल तर शाळेतलं भिंग आणा आणि हाताचा तुटलेला शेवट बघा. भोक आधी असतं आणि छिन्नी मारत मारत त्याच्या काठापर्यंत आली असती, तर शेवटच्या ठोक्याला धातू भोकात ओठंगला असता, छोटी जीभ आत लोंबली असती. भांड्याच्या कडीच्या भोकाजवळ नाव टाकताना माझं नेहमी होतं. मुळात शहाणा कारागीर भोक बघून अक्षर बाजूला सरकवतो. आणि अक्षर आधी, भोक नंतर असेल, तर रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ तुटलेली असेल.

वकील_धुळे

दोन रुक्ष गोष्टी. तलवार शस्त्र कायदा, १९५९ मध्ये येते. वारसाने आली तरी परवान्याचं काय ते स्थानिक वकिलाला विचारून घ्या, आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत घेऊन फिरू नका. दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर खाजगी माणसाला नेता येत नाही. १५१३ ची तारीख खरी असेल तर सर्टिफिकेटसाठी जपानला कुरियर करणं हाच गुन्हा. पंचवीस हजारांचं उत्तर तिथेच मिळालं.

चोपडेकर_नाशिक

वकीलसाहेबांच्या बोलण्याला जोडून. जपानात कागद देणारी मुख्य संस्था १९४८ साली स्थापन झालेली आहे, तोक्योत आहे, आणि तिथले परीक्षक पातं हातात घेऊन ठरवतात. मोबाइलवरच्या फोटोवर त्यांचा दाखला मिळत नाही. ज्यांना मिळतो म्हणतात त्यांच्यापासून पाकीट सांभाळा.

दादांनी जे लिहिलंय ते वाचून मी चाट पडलो. पुस्तकं चाळून मी जे शिकलो ते हा माणूस हंड्यावर शिकला. पण बाई, एक सावधगिरीची गोष्ट. दादांच्या कसोट्यांनी अक्षर किती जुनं हे कळेल, खरं की खोटं हे नाही कळणार. खोट्या सह्यासुद्धा तीनशे वर्षं जुन्या असतात. जपानात तलवार ही नजराण्याची वस्तू होती, वरिष्ठाला द्यायची तर मोठ्या नावाची हवी, मग बिननावाच्या चांगल्या पात्यावर मोठं नाव कोरून घ्यायचे. कोतेत्सू नावाचा सतराव्या शतकातला एक लोहार आहे, त्याच्या नावाने इतकी खोटी अक्षरं पडली की संग्राहक त्याचं नाव दिसलं की आधी खोटंच धरून चालतात. अशा सहीला गिमेइ म्हणतात. गंज तिच्यातही मुरलेला असतो.

म्हणून जाणकार नाव झाकून आधी पातं बघतात. पातं बोलेल तेच नाव बोलत असेल तर नाव खरं, नाहीतर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तुमच्या मापांनी मी जरा सुखावलोय. ६४ सेंटिमीटरचं पातं आणि साडेपंधराचं आखूड शेपूट हे एइशो काळातल्या ओसाफुनेच्या एका हाताने चालवायच्या तलवारीचं नेमकं माप आहे. नंतरच्या तलवारींची शेपटं लांब असतात. नाव पाठीलगत, आणि टोक वर, धार डावीकडे धरल्यावर समोर, हेही बरोबर. कानशीच्या रेघा किंचित उजवीकडे उतरत्या हव्यात आणि शेपटाचा शेवट चिंचोक्यासारखा गोलसर.

आणि धारेलगतची पांढुरकी लाट बघा. बिझेनच्या या काळातल्या लाटेत जागोजाग खेकड्याच्या नांगीसारखी दुभंगलेली टोकं असतात. दिव्याखाली तिरपं धरलं की लाटेच्या काठाला धुकं किंवा बारीक कण चमकायला हवेत. अ‍ॅसिडने काढलेली लाट सपाट पांढरी दिसते, चुन्याने ओढल्यासारखी. पात्याला बोट लावू नका, घाम चढतो. धार वर ठेवून धरा, मूल जवळ नको.

मूठ कशी आहे तेही सांगा. कातडी, सुती फीत, की पत्र्याची?

गणिताच्या_बाई

उशीर झाला, घटक चाचणीचे पेपर होते.

मूठ खाकी फितीने गुंडाळलेली, खाली माशाच्या कातडीसारखं खरबरीत. म्यानावर चामडं. पितळी तबकडीवर फुलं आहेत, पाच पाकळ्यांची.

दादा, तुमचं एकेक करून बघितलं. नवरा टॉर्च धरून होता, सासूबाई बाजूला बसून ‘हळू, हळू’ म्हणत होत्या. न घासलेल्या बाजूवर नख घसरतं, अडकत नाही. कानशीच्या रेघा तिरप्या आहेत, उजवीकडे थोड्या उतरतात, आणि अक्षराच्या काठाशी येऊन थांबतात. आत एकही नाही. भिंगातून पहिल्यांदाच दिसलं की प्रत्येक रेघ सलग नाहीच! बारीक बारीक त्रिकोणांची रांग आहे, एकापुढे एक, जसा प्रत्येक ठोका वेगळा. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने बघितलं. आठवीतल्या पुतणीने छपराच्या डाव्या पाखीतले ठोके मोजले, नऊ भरले.

आता भोक. अधिकच्या चिन्हाचा उजवा हात खरंच खाल्लेला आहे आणि शेवट सरळ कापलाय. जीभ नाही, ओठ नाही. दुसऱ्या बाजूनेही तिसऱ्या अक्षराचा डावा कोपरा त्याच भोकात गेलाय. व्हर्नियरने मोजलं तर हे भोक दोन्ही तोंडांना सारखं, आतून गुळगुळीत, कड्या कड्या दिसतात. वरचं भोक मात्र एकीकडे किंचित मोठं, एकीकडे लहान, नीट गोल नाही आणि आतून काळं.

लाटेत नांग्या आहेत. निदान मला तीन ठिकाणी दिसल्या, सासूबाईंना एकही नाही. त्या म्हणतात, हा तर गिरणेचा काठ दिसतो पुराच्या वेळचा.

तांब्यापितळेवर_नाव

आत कड्या कड्या म्हणजे ड्रिल. मशीनचं भोक. वरचं हाताने पाडलेलं. अक्षर आधी, ड्रिल नंतर. ताई, माझ्यापुरतं झालं. ज्याने हे भोक पाडलं त्याच्या आधीपासून नाव तिथे होतं.

आणि एक हात ओळखता येतो. तुमच्या फोटोत उभ्या रेघा खोल आणि आडव्या उथळ आहेत, दोन्ही बाजूंना तशाच. म्हणजे नाव नि तारीख एकाच माणसाने, बहुधा एकाच बैठकीत घातलीय. तारीख मागाहून चिकटवलेली नाही. त्याला घाई होती. शेवटच्या चौकोनाची उजवी रेघ खाली गेल्यावर घसरलीय, त्याने ती पुन्हा मारली नाही, तशीच सोडली. दिवसाला वीस भांडी असली की मीही सोडतो.

चोपडेकर_नाशिक

खाकी फीत, चामड्याचं म्यान, चेरीची फुलं. ही १९३० च्या दशकातल्या जपानी लष्करी अधिकाऱ्याची मूठ आणि म्यान. तेव्हा घरातली वडिलोपार्जित पाती काढून त्यांना नव्या लष्करी मुठी बसवून घेत. नव्या मुठीच्या खुंटीची जागा जुन्याशी जुळेना, म्हणून ड्रिलने दुसरं भोक. ते पाडणाऱ्याने अक्षर कापलं जातंय याची पर्वा केली नाही, म्हणजे त्याच्याही लेखी ती साधीच तलवार होती. म्हणजे आपल्याकडच्या बाजारात कोणी कोरलं ही शंका मिटली. आण्णांनी आणली तेव्हा ती अक्षरं होती.

१५१३ खरंच का? शेपटाचं माप, सहीची जागा, कानस, नांग्या, ड्रिलच्या आधीचा काळपट गंज, आणि लोहाराने स्वतःचं पूर्ण नाव न घालता मारलेली घाईची सही, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. मी माझ्या वहीत ‘सुकेसादा, घाऊक, बहुधा खरी’ असं लिहीन. ‘बहुधा’ काढायला ती कोणा पारख्याने हातात घ्यायला हवी. आणि खरी ठरली तरी कोटीबिटी विसरा, त्या काळातल्या घाऊक मालाला जपानातही तेवढं कोणी देत नाही.

पात्याला हळदकुंकू आता बंद. कुंकवात ओल असते. शिलाई मशीनचं तेल मऊ सुती कापडाने अगदी पातळ लावा, शेपटाला काहीच नाही. दसऱ्याला पूजा म्यानाची करा.

आणि कोरलेल्याचा एक ठसा काढून ठेवा. पातळ कागद शेपटावर धरून वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. जपानी लोकही असेच ठसे काढून एकमेकांशी ताडून बघतात.

गणिताच्या_बाई

ठसा काढला. ट्रेसिंग पेपर मिळाला नाही म्हणून मिठाईच्या डब्यातला बटरपेपर घेतला, सहा बीची पेन्सिल पुतणीच्या चित्रकलेच्या पेटीतून. घासलेल्या बाजूचा ठसा खरं तर जास्त स्वच्छ आला, हे दिरांना सांगितलं नाही.

सासूबाईंना वाचून दाखवलं, सुकेसादा, बिशू, ओसाफुने. त्यांनी विचारलं, तो जनरल होता का? म्हटलं, लोहार होता. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘लोहार से ना, मंग त्यानी एक रेघ कशी चुकाडी?’ आणि चौकोनावर बोट ठेवलं. दादा, तुम्ही सांगितलेली तीच रेघ, चष्म्याशिवाय.

चुलत दिरांना पंचवीस हजारांचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांनी पाच आधीच पाठवलेत.